गेरूचे पट्टे

कियामारी बंदर, कराची
पौष महिना, १९४६

प्रिय हिरामण,

तुझं पत्र मिळालं. फार गोड लिहिलंयस, म्हणूनच मला ते पुन्हा पुन्हा वाचावं लागलं. एरवी तू चार ओळी खरडतोस आणि त्यातल्या दोन शिव्या असतात. या खेपेला ‘प्रकृतीस जपावे’, ‘परमुलखात हाल होत असतील’ असलं काय काय. बाजूला कोणी बसून सांगत होतं की काय? मागणं तुझं एवढंच, की मी माझ्या बाबांना कळवावं. दाजी वकील पुन्हा असेंब्लीला उभे आहेत, कर्जतला बाजाराच्या दिवशी त्यांची सभा आहे, तिथं बाबांनी साहेबांच्या शेजारी खुर्चीवर बसावं. तुझं ते ऐकत नाहीत, माझं ऐकतील. आणि अगदी खाली, सहज आठवल्यासारखं, की साहेब निवडून आले की मला कर्जतच्या इंजिन शेडमध्ये चिकटवतील.

ते वाचून घास हातातच राहिला, खोटं कशाला बोलू. इथं माझं बूड एका जागी टिकत नाही हे तुला ठाऊक आहे. आधी गव्हाची पोती वाहिली, मग कापसाच्या गाठी, आता क्रेनवाल्याच्या हाताखाली आहे. डोळ्यांपुढं नुसता खारा वारा आणि उंट. डोंगर म्हणून दिसत नाही. कर्जतच्या शेडमध्ये काम मिळालं तर रोज कोंडाण्याच्या वाटेनं घरी जाईन, आईच्या हातचं खाईन. हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? म्हणून तर विचार येतो, की ही नोकरी साहेबांना सुचली की तू त्यांना सुचवलीस?

तू पत्रात साहेबांचा छापील कागद घातलास तोही वाचला. गरिबाघरी जन्म, खालापूरच्या शाळेत अनवाणी चालत जाऊन शिक्षण. अनवाणी चालले असतील बुवा, पण आमची गौराबाई आत्या सांगायची की मागून गाडीवान त्यांच्या चपला घेऊन यायचा, शाळा दिसली की पायात घालायला. त्यांच्या बापाची लाकडाची वखार होती, ते कागदात कुठं नाही. आज तू त्याच वखारीत कारकून आहेस, म्हणून म्हटलं, तुला तरी आठवण असावी.

पण एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकतो. राबाचं त्यांनी खरंच केलं. परवा इथल्या एका पंजाबी हमालाला मी राब समजावून सांगितला. झाडाचा टहाळ तोडायचा, वाळवायचा, वाफ्यावर पसरून जाळायचा आणि त्या राखेत भाताचं बी टाकायचं. तो हसत सुटला. म्हणाला, तुम्ही आधी शेत जाळता आणि मग पेरता? मी म्हटलं, नाही जाळलं तर रोपं पिवळी पडतात, तू ये आणि बघ. तर तो टहाळ तोडला म्हणून जंगलचा शिपाई बाबांना बांधावरून धरून न्यायचा, आणि दाजी वकील सदतीस साली निवडून आले तेव्हा असेंब्लीत उठून त्यावर बोलले. पुढं वाडीजवळच्या झाडांचा टहाळ आपल्याला मोकळा झाला. तुला आठवतं, आपण दोघं ऐनाच्या झाडावर चढलो होतो आणि खालून बाबा ओरडत होते, ‘शेंडा राखा रं, शेंडा! झाड मेलं तर फुडल्या साली काय तुमची हाडं जाळू?’ आजूबाजूच्या वाड्यांची राबाची भांडणं बाबाच मिटवायचे. मत शेतसारा भरणाऱ्यालाच, ते मोजकेच, पण ते सगळे बाबांच्या तोंडाकडे बघतात. साहेबांना शेजारी बाबाच का हवेत, ते मला इथं समुद्रापलीकडे बसून दिसतं. बाबा त्या खुर्चीवर बसले की झाडांचं काय झालं हे कोणी विचारणार नाही.

ते तू पत्रात लिहिलं नाहीस. दारूबंदी लिहिलीस, शाळा लिहिलीस, कोंडाण्याचा रस्ता लिहिलास. झाडांवर एक अक्षर नाही. म्हणून मी लिहितो.

लढाई पेटली होती, लाकडी कोळशाला मोल आलं होतं. तू नुकताच वखारीत लागला होतास. भाद्रपदात तू गेरूची पोतडी खांद्यावर घेऊन वाडीत आलास आणि सांगितलंस, साहेबांचा निरोप आहे, आपापल्या राबाच्या झाडांना गेरूचा पट्टा ओढा, म्हणजे शिपायाला कळेल ही वाडीची झाडं, तो हात लावणार नाही. सगळी वाडी लोटली. कोणाचं झाड सुटायला नको म्हणून म्हाताऱ्या सोनुबाईचे पट्टे आपण दोघांनी ओढले. माझ्या आईनं तर थोरल्या ऐनाला पट्ट्यावर चुन्याचे पाच ठिपके दिले, उंबऱ्याला देतात तसे. बाबा म्हणाले, ‘येसू, झाडाचं लगीन लावतेस का काय?’ तूही हसलास.

दिवाळी सरली आणि कोळसेवाल्याची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. बिनपट्ट्याच्या झाडाला त्यांनी बोट लावलं नाही. पट्ट्याचं एकही सोडलं नाही. बाबा आडवे गेले तेव्हा मुकादम म्हणाला, ‘पट्टं तुमीच वडलं न्हवं? मंग बोंबलता कशापायी? लाल पट्टा म्हंजी तोडायचं झाड, शेंबड्या पोराला इचारा, त्योबी सांगंल.’ आई ऐनाला धरून उभी होती, तिला मीच बाजूला ओढलं. साहेब म्हणाले, मला यातलं काही ठाऊक नाही, कोळसेवाला कोण तेही मी ओळखत नाही. तो कोळसा कोणाच्या वखारीतून आगगाडीत चढला ते तू रोज बघत होतास. पुढच्या साली आमची रोपं पिवळी पडली आणि मी इकडं आलो. तू स्टेशनावर पोचवायला आलास, रडलास. तेव्हा वाटलं मित्र जातो म्हणून रडतोस. आता तेही नीट सांगता येत नाही. वखारीत बसणाऱ्याला लाल पट्ट्याचा अर्थ ठाऊक नव्हता? नसेलही. तू तेव्हा नवा होतास. मी कधी असं धरतो, कधी तसं. पोती उचलताना एक, खाली ठेवताना दुसरं.

बाबांनी मात्र आजपर्यंत माझ्याजवळ तुझं नाव काढलं नाही. आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. माझ्याबरोबर इथं बंदरात असलेला मोहोपाड्याचा नागू रजेवर गावी जाऊन परत आला. बाबा त्याच्या घरी चालत गेले होते. पत्र लिहवायचं तर तुझ्याकडंच जावं लागतं, म्हणून तोंडी निरोप दिला. नागूनं जसा सांगितला तसा लिहितो. ‘भिवाला सांग, मी सभंला जानार हाय. सायबाच्या शेजारी बसनार बी हाय. आन् बोलाय उठलो की गेरूचं समदं सांगनार हाय. सायबाला मत द्यायचं का नाय ते लोकं ठरवतील. फकस्त यवढं इचार, गेरू आणला त्याचं नाव घिऊ का नको? भिवा त्याचा जोडीदार हाय, भिवालाच इचार.’ तेव्हा तुझ्या साहेबांना सांग, भिवाचे बाबा मालोजी खुर्चीवर बसणार, माझ्या पत्राची गरज नाही, आणि शेडमधली नोकरी दुसऱ्या कोणाला द्या. नागूचा भाऊ गावी निघाला, त्याच्याबरोबर मी बाबांना निरोप दिला, की नाव घेऊ नका. बाबा घेणार नाहीत. पण ते बोलून बसले की कोणीतरी ओरडणारच, गेरू आणला कोणी? त्या वेळी तू तिथंच असशील, साहेबांची माणसं आवरत. तुला तेव्हा ठाऊक होतं की नव्हतं, मला कळवू नकोस. तिथं उठून सांग, सोनुबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

अजून तरी तुझाच,
भिवा