टीमला माझी गरज आहे

२ जानेवारी २०११, रविवार

आज हरलो. तरी प्ले-ऑफमध्ये गेलो. लीगमध्ये आपण नववे. पहिल्या आठांतल्या आठव्या टीमने बाहेरगावचे दोघे खोट्या नावाने खेळवले, सापडले, बाद झाले, त्यांच्या जागी आपण. लोक याला नशीब म्हणतात. मी नियोजन म्हणतो.

२३ तारखेला समोर खारघरची ब्लू थंडर. पहिला नंबर. एसी बसमधून येतात, आणि त्यांच्या कोचकडे लॅपटॉप आहे. आपली मुलं मोटारसायकलवर तिघं-तिघं येतात.

बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून मी नवजीवन फुटबॉल मंडळाचा मानद कोच आहे. मानद म्हणजे मला कुणी नेमलेलं नाही. पण कुणी काढलेलंही नाही.

दुबळ्या टीमला प्ले-ऑफ जिंकायला तीन गोष्टी लागतात. शिस्त, आहार आणि बाहेरून ओरडणारा एक खंबीर माणूस. पहिल्या दोन आपल्याकडे नाहीत.

संकल्प : २३ पर्यंत चिडायचं नाही.

४ जानेवारी, मंगळवार. सकाळ

प्रॅक्टिसला चार जण. चार! लेफ्ट बॅक जासईला टेनिस बॉल क्रिकेटच्या टुर्नामेंटला गेलाय म्हणे. फुटबॉलची प्ले-ऑफ तोंडावर आणि हा तिकडे षटकार मारतोय. गोलकीपर प्रितेश बापाबरोबर होडीवर. कॅप्टन परेशची कंटेनर यार्डात नाईट शिफ्ट होती, तो तसाच आला आणि पोस्टला टेकून उभ्या उभ्या झोपला.

चिडलो. संकल्प उद्यापासून.

६ जानेवारी, गुरुवार

टीमला घरी बोलावून डावपेच शिकवले. कॅरमच्या सोंगट्या मांडून ४-२-३-१ ची रचना. काळ्या आपण, पांढऱ्या खारघर, राणी म्हणजे बॉल. दोन तास बोललो. शेवटी परेशने विचारलं, काका, यात राणी आमच्याकडं कधी येनार? मूर्खपणाचा प्रश्न. डिफेन्स समजावतोय तर याला बॉल हवाय. सोंगट्या उधळून दिल्या. एक फ्रिजखाली गेली, अजून सापडली नाही.

आहाराचं पत्रकही काढलं. तळलेलं बंद. मोड आलेले मूग सुरू. प्रितेशची आई भामा बाजारात मासळी विकते. ती संध्याकाळी दारात येऊन अरुंधतीला सांगून गेली की माझं पोर मूग खाऊन गोलात उभं राहनार नाय, भाऊंना सांगा. आणि जाताना बोंबील ठेवून गेली. अरुंधतीने लगेच तळले. बायकोच फितूर असेल तर कोचने करायचं काय?

खाल्ले. वाया कशाला घालवायचे.

९ जानेवारी, रविवार

द्रोणागिरीच्या गोडाऊनवाल्यांशी सरावाची मॅच. ०-५.

पाचही गोल पहिल्या हाफमध्ये. रेफरी बिनडोक. त्याला त्याची चूक समजावून सांगायला मी मैदानात गेलो, फार नाही, सेंटर सर्कलपर्यंतच, तर त्याने मलाच कार्ड दाखवलं आणि कुंपणाबाहेर काढलं. अख्खा दुसरा हाफ उसाच्या गाडीपाशी उभा होतो. तिथून काही दिसत नव्हतं, म्हणून ओरडता आलं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांना एकही गोल करता आला नाही. याचा अर्थ उघड आहे. माझ्या पहिल्या हाफमधल्या सूचना मुलांच्या डोक्यात शिरायला तेवढा वेळ लागला. पुढच्या वेळी लवकर ओरडायला सुरुवात करायची.

१२ जानेवारी, बुधवार

प्रितेशला पेनल्टी अडवायला शिकवतोय. मी गोलमागे उभा राहून सांगतो, डावीकडे, उजवीकडे, थांब, पुढे ये, अरे गाढवा मागे. आज तो हातमोजे काढून म्हणाला, काका, येका टायमाला येकच सांगा ना. हे असं! समुद्रात वारा चहूकडून येतो तेव्हा याला चालतं, मी चार शब्द बोललो की गोंधळतो. चांगला झापला. नंतर पडलेल्या चेहऱ्याने उभा होता आणि सगळे बॉल पायांमधून सोडत होता. मुद्दाम. मला कळतं.

बीपी वाढलंय. डॉक्टर म्हणतात फुटबॉल बंद करा. डॉक्टर क्रिकेटवाला आहे.

१५ जानेवारी, शनिवार

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन टीम घरी आली. एकेक जण वाकून नमस्कार करायचा, हातावर लाडू ठेवायचा, डोळ्यांत बघून म्हणायचा, काका, गोड बोला. परेश तर दोनदा म्हणाला. प्रितेशने माझा हात सोडलाच नाही बराच वेळ. इतका आदर या पिढीत पाहिला नव्हता. अरुंधती स्वयंपाकघरात जाऊन का हसत होती कळलं नाही.

१७ जानेवारी, सोमवार

संतापात लिहितोय, अक्षर वाईट येईल.

संध्याकाळी परेशने मला बाजूला घेतलं. घसा खाकरला. म्हणाला, पोरांचं म्हननं हाय, रविवारी तुमी लाइनीवर नको, वर स्टँडमधी बसा, मानाची खुर्ची ठेवतो, पंखा पन लावतो. मानाची खुर्ची! मला! ऊन असो, डास असो, तीन वर्षं यांच्यासाठी घसा फोडला. कॉलेजच्या टीममध्ये मी अख्खा सीझन राखीव म्हणून बाकावर बसलो होतो, एक मिनिटही उतरवलं नाही त्या कोचने. खुर्चीवर बसवणं म्हणजे काय ते मला शिकवू नका.

घरी येऊन राजीनामा लिहिला. "प्रकृतीच्या कारणास्तव." शेजारच्या मुलाबरोबर लगेच पाठवला.

आता कळेल. आमच्या लग्नात अरुंधतीचे धोंडूमामा बासुंदी पातळ झाली म्हणून रुसून खोलीत बसले, तर बँडसकट वरात त्यांच्या दारापर्यंत आणावी लागली होती. रुसलेल्या माणसाशिवाय कार्य पुढे जात नाही.

१८ जानेवारी, मंगळवार

ते आले की काय करायचं ते ठरवलंय. पहिल्यांदा विनवतील तेव्हा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही, पण आवाज जरा खाली आणायचा. तिसऱ्यांदा अरुंधतीने मध्ये पडायचं, अहो, मुलं एवढी म्हणताहेत तर. मग मी उठायचं. अरुंधतीला पोहे लागतील तितके आणून ठेव म्हटलं. तिला तिचं वाक्यही सांगून ठेवलं. ती म्हणाली, लक्षात आहे, धोंडूमामांच्या वेळी मामींनी हेच म्हटलं होतं.

रात्रीपर्यंत कुणी नाही. परेशची शिफ्ट असेल.

१९ जानेवारी, बुधवार

कोथिंबीर आणायला मैदानावरून गेलो. मग आलं आणायला. मग कोथिंबीर बदलून आणायला. तिसऱ्या वेळी परेशने हात केला. मी बघितलं नाही. पुन्हा करेल तेव्हा बघू म्हटलं. पुन्हा केला नाही.

प्रॅक्टिसला चौदा जण होते. लेफ्ट बॅकसुद्धा. कुणी ओरडत नव्हतं. मैदान आहे की वाचनालय!

कृतघ्न लेकाचे.

२० जानेवारी, गुरुवार

अट शिथिल केली. तीनदा विनवायची गरज नाही. मुलं आहेत, त्यांना रीत काय माहीत. एकदा पुरे.

२१ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ

आले! खिडकीतून पाहिलं, प्रितेश आणि लेफ्ट बॅक, फाटकातून आत येत होते. लगेच ट्रॅकसूट चढवला, शिट्टी गळ्यात घातली, मग काढली, बरं दिसत नाही. बेल वाजल्यावर जरा वेळ उघडलं नाही. मग उघडलं. चेहरा कठोर.

पंप हवा होता. बॉलमध्ये हवा भरायचा.

पंप मंडळाचा आहे, माझ्या माळ्यावर असतो. काढून दिला. पिन मात्र खिशात ठेवली. पिनेशिवाय पंप घेऊन काय करतील? परत यावंच लागेल. तेव्हा बोलू.

रात्री जेवणानंतर : आले नाहीत. सायकलवाल्याकडून भरून घेतला असणार. त्या सायकलवाल्याकडे यापुढे जायचं नाही.

२३ जानेवारी, रविवार

गेलो नाही. मी माणूस आहे, दगड नाही, पण गेलो नाही.

गच्चीवर पापड वाळत घालायचे होते म्हणून वर गेलो. (अरुंधती म्हणते पापड मागच्याच वर्षीचे आहेत. पुन्हा वाळवलेले बरे.) गच्चीवरून अर्धंच मैदान दिसतं, दुसरा गोल पाण्याच्या टाकीमागे जातो. जेवढं दिसलं त्यात आपण सारखे मागेच. ४-२-३-१ कुठेच नाही, सगळे नुसते धावताहेत, एकमेकांना नावाने हाका मारताहेत. दोनदा गच्चीच्या कठड्यावरून ओरडलो, खालच्या मजल्यावरच्या बाई बाहेर आल्या. शेवटपर्यंत ०-०. पेनल्ट्या. आणि त्या नेमक्या टाकीमागच्या गोलात!

मी ऐकत उभा होतो. शांतता, मग आरडाओरडा. पुन्हा शांतता. मग असा काही कल्ला झाला की टाकीवरची कबुतरं उडाली.

जिंकलो. प्रितेशने दोन अडवल्या. पहिल्या नंबरची टीम घरी गेली, लॅपटॉपसकट.

मला आनंद झालाच. रागही खूप आला. माझ्याशिवाय जिंकायचं कारण काय होतं? पुढच्या रविवारी जिंकले असते तर मी होतोच की.

२४ जानेवारी, सोमवार

भामा आली, भलीमोठी सुरमई घेऊन. अरुंधतीने किती म्हटलं तरी पैसे घेईना. मला म्हणाली, भाऊ, तुमी रुसून बसलात नि पोरं जिंकली, शकुन लागला. प्रितेश बोलतो की गोलात उभा ऱ्हायलो नि पयल्यांदा बॉलचा आवाज ऐकाया आला, मंग कुठं जातो ते कळलं.

मी विचार केला. खरं कारण असं आहे : माझ्या राजीनाम्याने मुलांना धक्का बसला, धक्क्यातून जिद्द पेटली. म्हणजे विजय माझाच. मोठे कोच असंच करतात.

राजीनामा मागे घेतो. मोठ्या मनाने.

२६ जानेवारी, बुधवार

परेशला फोन करून सांगितलं की रविवारी सेमी फायनलला मी लाइनवर आहे. पलीकडून तो नुसतं हॅलो हॅलो करत होता. रेंज गेली असेल. मग म्हणाला, काका, घरी येतो, सगळ्यांना घेऊन येतो.

सगळ्यांना घेऊन! अरुंधतीला पोहे भिजवायला सांगितलं. आज नाही गं, म्हटलं, येतील तेव्हा.

२९ जानेवारी, शनिवार

आले. अख्खी टीम. परेशच्या हातात नारळ, प्रितेशच्या हातात पेढे, मागे भामा. हॉलमध्ये जागा पुरेना, दोघं दाराच्या उंबऱ्यावर बसले. पोह्यांच्या दोन फेऱ्या झाल्या.

मग परेशने नारळ माझ्या पुढ्यात ठेवला आणि विनवणी केली. अगदी हात जोडून.

उद्या पन रुसा, काका, म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्याने नीट समजावून सांगितलं. शकुन मोडायचा नाय. सेमी हाय, मंग फायनल हाय, दोनच रविवार. तुमी गच्चीवर होता ते आमाला दिसत होतं, तिथंच ऱ्हावा, पापड घाला. फक्त राजीनामा परत द्या, तसाच, प्रकृतीच्या कारणास्तव. जिंकलो तर कप पयला तुमच्या हातात.

मी नाही म्हटलं. चांगलाच कडाडलो. सगळे खाली बघत होते, पण एकही जण उठून गेला नाही.

भामाने विनवलं. भाऊ, पोरांसाठी. मी नाही म्हटलं. आवाज आपोआप खाली आला.

मग प्रितेश उठून जवळ आला, वाकला, आणि त्याने माझे पाय धरले. त्या मुलाला मी गाढव म्हणालो होतो, बहुतेक रोज.

अरुंधती दारातून म्हणाली, अहो, मुलं एवढी म्हणताहेत तर.

होय म्हटलं.

पंपाची पिन परेशला देऊन टाकली. सोफ्याखाली सापडली म्हणालो.

३० जानेवारी, रविवार. दुपार

राजीनामा सकाळीच पाठवला. गच्चीवर बसलोय. पापड घातलेत. टीमने बरोब्बर तीनदा विनवलं, मी ठरवलं होतं तसंच, काही म्हणजे काही कमी ठेवलं नाही.

शिट्टी झाली. मॅच सुरू.

आता रुसून बसायला हवं. कुणावर तरी चिडायला हवं, नाहीतर शकुन लागायचा नाही. परेशची मानाची खुर्ची आठवून पाहिली. तो सायकलवाला. तो द्रोणागिरीचा रेफरी. कॉलेजचा कोचसुद्धा आठवला, बिचारा आता असेल की नाही कोण जाणे. काही उपयोग नाही. राग म्हणून येत नाहीये. नेमका आज, टीमला हवा असताना.

टाकीमागे ओरडा झाला. कुणाचा ते कळलं नाही. मी कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो. कुणी वर पाहिलं नाही.

अरुंधती जिन्यातून विचारते, चहा टाकू का. टाक म्हटलं. साखर कमी घाल म्हणून रोजच्यासारखा खेकसलोसुद्धा नाही.