गरुड म्हणायचं नाही

६ एप्रिल, रविवार
सकाळी भाट्याच्या खाडीवर मी आणि मोघेकाका, दोघंच. ग्रुपचं नाव 'पाखरू', सभासद खंडीभर, आणि पाखरं बघायला माणसं दोन. ओहोटी होती. तुतवार, चिखले हे थंडीचे पाहुणे अजून आहेत, पण निघायच्या बेतात. काकांना लांब खांबावर "बहुधा कैकर", तो मासे मारणारा शिकारी पक्षी, दिसला. घार होती. काकांचं सगळंच बहुधा असतं. एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि दुर्बीण माझ्या हातात द्यायची नाही.

दुपारी एसटीने लांज्याकडे, नंदूदादाच्या बागेत. बेहड्याच्या ढोलीत म. ध. ची (महाधनेशाची) मादी जाऊन बसली त्याला महिना होऊन गेला. तोंड लिंपून घेतलंय, चोच बाहेर येईल एवढीच फट. नर आला, घशातून एकेक उंबर काढून फटीत दिलं. आत पिल्लाचा आवाज! या मोसमातला पहिला. अंगावर काटा आला. तिने उडायची पिसं आत झाडून टाकलेली असतात. तो आणेल तेव्हाच दोघं खाणार, दुसरी सोय नाही.

दादा म्हणाला, "बाई, गरुड हल्ली लय लांबनं येतो." लगेच दंड, एक पेला कोकम सरबत. यांच्या वाडीत धनेशाला गरुड म्हणतात. माझ्या आजोळीही तेच म्हणायचे. पण नोंदींचा घोळ होतो, म्हणून मी नियमच केलाय, गरुड म्हणायचं नाही. दादा सुधारलाय, आजचा दंड बऱ्याच दिवसांनी. सुलभावहिनी मात्र सरबत पुढे करत म्हणाली, "आमचा गरुड तो गरुडच. तुमी पास करा नायतर नापास."

लांबून येतो ते खरं. हायवे रुंद केला तेव्हा अलीकडचे वड, उंबर सगळे गेले. आता फळं पलीकडे. एवढा जड पक्षी, रस्ता ओलांडताना किती खालून जातो. मला ते बघवत नाही.

९ एप्रिल
वार्षिक परीक्षा सुरू. दहा ते पाच नुसत्या घंटा.
ग्रुपवर: थिबा पॅलेसमागे पावशा ओरडायला लागला. मिरजोळ्याला हळद्याची जोडी. मोघेकाका: "नाचण्याच्या रस्त्याला बहुधा नवरंग." मी लिहिलं, "काका, नवरंग यायला अजून महिना आहे, तुम्हाला वेगळं पत्र पाठवलं का त्याने?" सगळ्यांनी हसून घेतलं. जरा जास्त झालं असेल. पण नोंद म्हणजे नोंद.

१५ एप्रिल
दोन पेपरांच्या मधे सुलभावहिनीचा फोन. दादा आंब्याच्या पेट्यांबरोबर वाशीला गेलाय, ती एकटीच आहे.
"बाई, गरुड पडलाय हायवेला. ट्रकान उडवलान."
"मेला?"
"मेलाच तो. आता तिचा काय व्हायचा?"
म्हटलं, "दुसरा जोडीदार बघेल ती. मिळतो त्यांना." घंटा झालीच होती. "व्हय? तुमी म्हणता तर बरा," म्हणाली आणि ठेवला.
वहिनीचा फोन साधा, फोटो येत नाही. ग्रुपवर टाकलं: लांजा हायवे, गरुड मृत, बहुधा सर्पगरुड. मोघेकाका: "बाई, तुमचंही बहुधा?" खवट म्हातारा.

१७ एप्रिल
पेपर तपासणे. 'पक्ष्यांच्या चोचीचे प्रकार सांगा.' एकाने लिहिलंय, 'चांगली व वाईट.' अर्धा गुण दिला.

२० एप्रिल, रविवार
सकाळी दादाचा फोन. आवाजच वेगळा.
"बाई, धनेश येत नाय. मी काल आलो तवापासून झाडाखाली हाय. एकदा पन नाय आला." मग म्हणाला, "सुलभान सांगितलान ना तुमाला, तो रस्त्यावर पडला ता?"

चहा गार झाला. ह्यांनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, गरुड.

गरुड. चार वर्षं दंड लावून लावून मी स्वतःच विसरले. वहिनीने कधी दंड भरला होता? ती तिच्या गरुडाबद्दल बोलत होती आणि मी माझ्या पुस्तकातल्या. 'तिचा काय व्हायचा' म्हणजे हिचं. आत बसलेलीचं. आणि मी म्हटलं, दुसरा बघेल. कुठून बघेल? त्या फटीतून?

(दुपारी, तिथून आल्यावर)
ढोलीखाली ताजी बी एक नाही, शिटसुद्धा सगळी वाळलेली. झाडाला कान लावला. आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. पिल्लू ओरडत नाही.
वहिनी पायरीवर बसलेली. "मी इचारला ना तुमाला. तुमीच म्हनलात, दुसरा मिळतो." ओरडली असती तर बरं झालं असतं. बाईंनी सांगितलंय म्हणजे दुसरा नर येत असणार, असं समजून ती बेहड्याकडे फिरकलीसुद्धा नव्हती. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकायला सांगितला होता?

वनखात्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन केला. नीट बोलला. म्हणाला, ढोली फोडू नका, पिसं आली नसतील तर खाली पडेल आणि कुत्री सोडणार नाहीत. फळं देऊन बघा, मी वर विचारतो.
दादाने आंबे काढायची घळ आणली. लांब काठी, टोकाला जाळीची पिशवी. हिच्यातून आजवर फळ वरून खाली आलंय, आज खालून वर. शिडीवर उभा राहून त्याने पिकली उंबरं फटीशी धरली. हात भरून येईपर्यंत धरून होता. चोच आली नाही. फटीच्या खाली खोडाला एक खाच आहे, तिथे फळं ठेवून उतरला.

२१ एप्रिल
ग्रुपवर लिहिलं. तीनदा खोडलं. शेवटी एवढंच: 'लांज्याचा गरुड सर्पगरुड नव्हता. महाधनेशाचा नर होता. मादी आणि पिल्लू ढोलीत आहेत. चूक माझी.'
निळ्या खुणा सगळ्यांच्या झाल्या. एकाने हात जोडलेलं चित्र टाकलं. डोकंच फिरलं.
मग मोघेकाका: "झाडाखाली बसायला कुणी लागेल. मी खुर्ची घेऊन जातो." सगळ्यांसमोर मी त्यांचं हसं केलं होतं, ते दोन आठवड्यांपूर्वीच की.

२३ एप्रिल
काका दादाकडेच मुक्कामाला. शाळा सुटली की मी पळते. वाटेत पालीच्या बाजारात पपई, केळी. फळवाला म्हणाला, "पावणे आलेत काय?" हो म्हटलं.
खाचेतली फळं संपलेली. काका म्हणाले, "बहुधा तिनेच खाल्ली." दादाच्या मते शेकरूने. शेकरू मीही पाहिलं. पण काकांना काही बोलले नाही.

२५ एप्रिल
दिसली! संध्याकाळी दादाने घळ धरली होती आणि चोचीचं टोक फटीत आलं. पिवळं. पपईच्या फोडीला लागलं, मागे गेलं, परत आलं. फोड घेतली. आणखी एक घेतली. दादा वर शिडीवर रडत होता, काका खाली खुर्चीत, मी कुठे बघू ते कळेना. वहिनी तेवढी स्वयंपाकघरात होती. सांगायला गेले तर म्हणाली, "घेतलान? बरा झाला," आणि भाकरी उलटली.

२७ एप्रिल, रविवार
सकाळी ढोलीखाली पिल्लू. फटीतून टाकून दिलेलं. अंगावर पिसं नाहीत, मोठं डोकं, मिटलेले डोळे. कधी मेलं असेल? मी घंटेला धावले तेव्हा, की घळ येईपर्यंत वाट बघून? गुरांच्या डॉक्टरला कळलं असतं कदाचित. मला ते कळायला नको आहे.
दादाने काजूखाली पुरलं. मी हात लावायला गेले, तर वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊद्या बाई."
आता ती एकटी. ती तरी जगू दे. आणखी काही मागणार नाही.

२९ एप्रिल
निकालपत्रकं. काका फोनवर: सकाळी तीन फोडी घेतल्या, दुपारी घेतल्या नाहीत. वनखात्याचा माणूस येऊन बघून गेला, बरोबर चाललंय म्हणाला. बरोबर!
पण उंबरं, किडे, सरडे आणणारा तो कुठे आणि आमची पालीची पपई कुठे.

२ मे
सुट्टी लागली. दिवसभर तिथेच. चोच येते, पण पूर्वीसारखी ठोकत नाही, अलगद घेते. काका म्हणतात दमली असेल, मला वाटतं धीर सुटत चाललाय. दादाला काहीच वाटत नाही, तो फक्त काठी धरतो.
जेवताना वहिनीला विचारलं, माझा राग आलाय का. "राग कसला? पन आता मी कसलाच नाव घेनार नाय." खरंच घेत नाही. परवा माडावर घार बसली होती, तर काकांना म्हणाली, "तो बघा, कोन हाय तो." दुपारी आंब्यावर राखी धनेश ओरडत होता, लहान, करडा, नेहमीचा. दादा म्हणाला, हा पण धनेशच गो. "असूदे. दोगांना पन धनेशच म्हनीन, मग दंड नको नि काय नको." हसून म्हणाली.

५ मे
लिंपण आतून फोडल्याच्या खुणा, खालच्या बाजूला. बाहेर यायला बघतेय. पिसं किती आली असतील? काका म्हणाले, "बहुधा पुरेशी." हे मात्र बहुधावर सोडवत नाही. दादाने कुत्री बांधून ठेवलीत, झाडाखाली गवताचे भारे पसरलेत. पडलीच तर.

७ मे
फोडायचं थांबलं. फट रुंद झालीय, अख्खी चोच दिसते आणि एक डोळा. मादीचा डोळा पांढुरका असतो, मी वर्गात शिकवते. तो आपल्याकडे बघतो तेव्हा कसं वाटतं, हे शिकवायचं राहिलं. आज एकच फोड घेतली.

८ मे
काहीच घेतलं नाही. दादाने दोनदा घळ धरली. चोच फटीत टेकलेली, हलत नाही, पण आहे. काका खुर्ची सोडून जेवायलाही उठेनात. वहिनीने ताट तिथेच नेऊन दिलं.
संध्याकाळी ह्यांनी जवळजवळ ओढूनच घरी आणलं. काकांच्याही गोळ्या संपल्यात, तेही आमच्याबरोबर आले. झाडाखाली आज दादा एकटाच.

९ मे
सकाळी सकाळी वहिनीचा फोन. धापा टाकत होती.
"बाई, धनेश आलाय. ढोलीपाशी बसलाय. चोचीत कायतरी हाय."
"दादा कुठाय?"
"लांज्याला गेलाय, केळी आनायला. मी एकटीच हाय. बाई, तो फटीकडं सरकलाय."
मी विचारलं, केवढा आहे? म्हणाली, उन्हाकडे बघतेय, नीट दिसत नाही. चोच पिवळी? दिसत नाही. करडा असला तर वाट चुकून बसलेला, उडून जाईल. आणि महाधनेशाचा दुसरा नर असला तर. मी सहज, घंटेच्या घाईत बोलून गेलेलं खरं होईल?
ओरडलेच मी, "वहिनी, नीट सांगा. धनेश की गरुड?"
पलीकडे कोंबड्या ऐकू येत होत्या.
मग हळूच म्हणाली, "तुमीच सांगा बाई. काय म्हनू?"