तक्त्याच्या कोपऱ्यातली चौकट

दि. १२ मार्च, सकाळी अकरा

ती. काका,

साष्टांग नमस्कार.

काकूंचा डोळा आता कसा आहे? वाचता येतं ना? इथे सगळं ठीक. तुमच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही, फायलीच बसतात. टायपिस्टबाई परवा म्हणाल्या, "धांदल्या, काका गेल्यापासून तू फारच शहाण्यासारखा वागतोस. बरं नाही का?" तुम्ही ठेवलेलं नाव चांगलंच चिकटलंय.

वेगवान गाड्यांचा अहवाल पुन्हा नीट लिहून झाला. जपानने पहिल्यापासून वेगळे रूळ टाकले, फ्रान्सच्या गाड्या शहरात शिरताना जुन्याच रुळांवरून जातात, स्पेनचं जाळं युरोपात सगळ्यांत लांब, आणि चीनपुढे तर सगळेच थिटे. असलं पानंच्या पानं लिहीन मी. पण काका, मी टाळतोय. दीड वर्ष टाळतोय.

त्या सभेबद्दल तुमच्या कानावर काय आलं, ठाऊक नाही. खरं ते असं. पडद्यावर आपला तक्ता होता, कुठल्या देशाचं जाळं किती लांब त्याचा. पाहुण्या इंजिनिअरबाईंनी एका आकड्यावर बोट ठेवलं. "इथे जाणारा रूळ वेगळा मोजलाय, येणारा वेगळा. बाकीच्या देशांचा मार्ग मात्र एकदाच." म्हणजे शंभराचे दोनशे! आणि त्याच आकड्यावर साहेबांनी आपल्या नव्या मार्गाची मागणी उभी केली होती. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब लालबुंद. "कुणी केलाय हा तक्ता?"

कोपऱ्यातली 'तक्ता करणारा' ही चौकट कोरी होती. मीच ठेवली होती. वाहवा झाली की झोकात नाव घालू, हा माझा माज! तुम्ही आदल्या आठवड्यात विचारलंही होतंत, "अरे, लांबी मार्गाची की रुळांची?" मी म्हणालो होतो, "काका, जमाना बदलला."

तुम्ही काकूंच्या ऑपरेशनसाठी रजेवर होतात. मी म्हणालो, "काकांनी."

एवढंच. साहेबांनी पेन काढलं आणि समोरच्या प्रतीवर, त्या चौकटीत, तुमचं नाव लिहिलं. मी बघत बसलो.

महिन्याभरात तुम्ही मुदतीआधीच निवृत्ती घेतलीत. निरोपाचे दोन शब्दही कुणी बोललं नाही. जाताना तुमची स्टीलची पट्टी माझ्या टेबलावर ठेवून म्हणालात, "जप." तुम्हाला माहीत होतं ना, काका? चार शिव्या हासडल्या असत्यात तर बरं झालं असतं. तुम्ही पट्टी दिलीत. दीड वर्ष ती खणात उलटी पडून होती, तिला हात लावायचीही लाज वाटायची मला.

आज सकाळी साहेबांना सगळं लिहून दिलं. ते वाचून म्हणाले, "बाहेर थांब." बाहेरच्या बाकावर बसूनच हे लिहितोय. नोकरी राहते की जाते, बघू. तुमचं नाव तरी तिथून निघालं पाहिजे.

सोबत साहेबांनी नाव लिहिलेल्या त्या तक्त्याची प्रत आहे. तुमचं नाव सरळ रेघेनं खोडलंय. त्यासाठी तुमची पट्टी पहिल्यांदा वापरली. उत्तर पाठवलं नाहीत तरी मी समजेन. काकूंना नमस्कार सांगा म्हणायचा धीर होत नाही.

तक्ता करणारा,
धांदल्या