चूल विझवली होती

मोखाडा,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय पोशी वहिनीस,

योगिताचा नमस्कार. तू आणि कमू बऱ्या असाल. तुझ्या आईला, भावाला माझा नमस्कार सांग.

नणंदेचं पत्र बघून तुला नवल वाटेल. तुझा फोन आगीत गेला, आणि तुझ्या भावाच्या फोनवर बोलायचं तर चार माणसं कान देऊन बसणार. म्हणून जव्हारच्या जीपवाल्या चंदूच्या हाती हे देते. तो तुझ्या माहेरच्या फाट्यावरूनच जातो.

इकडे सगळं ठीक. घरी सूर्यमाळला भात झोडून झालं, नागली यंदा बरी आहे. आईच्या हातांच्या जखमा भरल्या, पण उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. भाकर थापता येत नाही. जिवादादा थापतो. वेड्यावाकड्या होतात, पण खाताना कुणी काही बोलत नाही. तिला एकटी टाकून तो यंदा भिवंडीला कामालाही गेला नाही.

दिवाळीत वाघबारशीला मी गेले होते. नव्या घरावर पत्रे टाकलेत, कारवीचा कूड उभा आहे, सारवायचा राहिलाय. शेजारची सुकरी काकू म्हणाली, "सून असती तं कवाच सारवून झाला असता." त्यावर आई उठून आत गेली.

माझी शाळा चालू आहे. चौथीचा वर्ग दिलाय. माझं ते सेल आणि वायरींचं खूळ मी सोडलं. सोल्डरगन शाळेच्या कपाटात टाकून दिली. मुलं विचारतात, बाई, आता दिवे का नाय करत? डोळे दुखतात म्हणून सांगते. आता संध्याकाळी मोबाईलवर बघून बघून लोकरीचं विणते. कमूला टोपी केली आहे, सोबत पाठवते. एका बाजूला मोठी झाली आहे, समजून घे.

तू परत कधी येणार, असं मी विचारत नाही. तुला दुसरंच काही सांगायचं होतं, पण पान संपत आलं.

तुझी नणंद,
योगिता


मोखाडा,
दि. १६ नोव्हेंबर २०२५

पोशी वहिनी,

मागच्या पत्रात पान संपलं नव्हतं. मागची बाजू सगळी कोरी होती, ते तू पाहिलंच असशील.

आता आधी तेच लिहिते, नाहीतर पुन्हा भातनागलीवर जाईन. आग तुझ्या चुलीनं लागली नाही. मी दिलेल्या दिव्याच्या डब्यानं लागली.

मार्चमध्ये मी तो डबा घेऊन आले होते. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांमधले सेल काढून, एकमेकांना जोडून, प्लॅस्टिकच्या डब्यात बसवले होते. पत्र्यावर सोलरची पाटी, आत तीन दिवे आणि मोबाईल चार्ज करायची पिन. तू डबा कुडाला खिळ्यावर टांगलास. पाड्यावरच्या बाया बघायला आल्या. तू सगळ्यांना सांगत होतीस, "आमच्या ताईनं केलाय, स्वताच्या हातानं." मला किती बरं वाटलं होतं, ते आता लिहायलाही लाज वाटते.

या सेलमध्ये गरजेपेक्षा जास्त वीज भरली की ते तापतात, फुटतात. ते थांबवायला आत एक लहानशी पट्टी बसवावी लागते. ती मी मागवली होती, पण आली नव्हती. पट्टी येईपर्यंत थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. घाई कसली नव्हती, मिरवायचं होतं. आठवड्यात येऊन पट्टी बसवू, असं मनाशी म्हटलं आणि तुला काहीच बोलले नाही. पट्टी आठ दिवसांत आली. तेव्हा मी एक जुना रेडिओ जुळवत बसले होते. पट्टी टेबलावर पडून राहिली. मी रोज बघत होते.

सतरा एप्रिलच्या दुपारी तू दोन हंडे घेऊन विहिरीवर गेलीस. जाऊन येऊन दीड तासाची वाट. कमू तुझ्याबरोबर होती, हे नशीब. ऊन कसं होतं तुला माहीत आहे. तेवढं ऊन सोलरवर आणि डबा कोरड्या कुडाला टांगलेला. आई ओसरीवर पडली होती. धूर दिसला तशी ती आत बांधलेली शेळी सोडायला गेली. शेळी निघाली. आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा राख गरम होती. कुडाच्या जागी मला ते सेल सापडले. वाळक्या शेंगा फुटाव्यात तसे उकललेले, काळे. सात मिळाले. तलाठी अजून यायचे होते. मी ते ओढणीत बांधले आणि पिशवीत टाकले. कुणी पाहिलं नाही. मग तलाठी आले, त्यांनी विचारलं, आणि सगळ्यांनी चुलीकडे बोट दाखवलं. पंचनाम्यात 'चुलीतील विस्तवामुळे' असं लिहिलं, तेव्हा मी तिथेच उभी होते.

तू म्हणत होतीस, "मी चूल इजवून गेल्ती. पाणी टाकून गेल्ती." दादानं सगळ्यांसमोर तुला विचारलं, "मग आग काय आभाळातून पडली?"

आणि दवाखान्यात तू माझा हात धरलास. "ताई, तू तरी सांग ना त्यांना. मी रोज चूल इजवते का नाय?" मी म्हणाले, "आता ते कशाला काढतेस, आईकडे बघ." हे माझं वाक्य मला सोडत नाही. मी तुझी बाजू घेतली नाही एवढंच नाही. माझ्या त्या बोलण्यानं तुझ्यावरचा आळ पक्का झाला.

दादानं तुला चार दिवस माहेरी जा म्हटलं. त्याला आज सात महिने होतात.

का गप्प बसले? नोकरी जाईल म्हणून. आई माझ्याशी बोलणार नाही म्हणून. आणि मनात असंही होतं, की तुझ्यावर आलंय ते चार महिन्यांत विसरतील, घर उभं राहील, तुला घेऊन येतील. तुझ्या जिवावर असं वाटून घेणं मला फार सोपं गेलं.

हे पत्र ठेव. कुणालाही वाचून दाखव. खाली माझं पूर्ण नाव आणि शाळा लिहिली आहे, ते त्यासाठीच.

योगिता देवजी भोये,
सहशिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, ता. मोखाडा


दि. २३ नोव्हेंबर

योगिता ताईस,

तुझी दोन्ही पत्रं चंदूनं दिली. टोपी कमूला आवडली, ती काढतच नाय.

दुसरं पत्र मी तीन वेळा वाचलं. सातवीनंतर एवढं मोठं मी काय वाचलं नव्हतं. भावाला वाचून नाय दाखवलं. तो लगेच उठून तुझ्या शाळेत येल.

मला काय झालं ते तुला सांगते. सात महिने मी रोज एकच आठवते. हंडे घेतले, कमूला घेतलं, चुलीवर पाणी टाकलं. टाकलं का? पहिल्या महिन्यात मला पक्कं ठावं होतं. मग सगळे म्हणतात तं मला वाटाया लागलं, आदल्या दिवशीचं आठवत असंल. पावसाळ्यात मी माझ्या आईला सांगितलं, माझ्याच हातून झालं असंल. आई रडली. मी नवऱ्याची माफी मागायला सूर्यमाळला येणार होते. फाट्यापर्यंत आले होते. तिथून परत फिरले.

इथं आता मी चूल पेटवत नाय. भावजय पेटवते. मी जवळ गेले का ती म्हणते, राहू दे.

तुझं पत्र वाचलं आणि मला ते पाणी टाकल्यावरचा आवाज आठवला. चर्र झाला तो. वास पण आठवला. म्हंजे टाकलं होतं.

ताई, तू मला लिहिलंस ते बरं केलंस. पण मला लिहून काय होणार? मला तं आता परत ठावं झालं. ज्यांना ठावं नाय त्यांना सांग. त्यांच्या तोंडावर सांग, कागदावर नको.

पोशी


मोखाडा,
दि. १ डिसेंबर २०२५

पोशी वहिनी,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी वर्गात होते. मधल्या सुट्टीत वाचलं आणि नंतर मुलांना पाढे लिहायला लावून बसून राहिले. तू फाट्यावरून परत फिरलीस, हे मी कुणाला सांगणार? ज्या गोष्टीची माफी मी मागायला हवी होती, ती मागायला तू निघाली होतीस.

काल रविवारी सूर्यमाळला गेले. दादा होता, आई होती, सुकरी काकूलाही मी हाक मारून बोलावून घेतलं. तिच्यासमोर सांगितलं की पाड्यावर पोचेल, म्हणून. ते सात सेल ओसरीवर ठेवले आणि सांगितलं. मध्येच रडू आलं तर कुणाला माझी कीव येईल, म्हणून भराभर बोलले.

दादानं एक सेल हातात घेऊन बघितला. "म्हंजे तवाच सापडलेले तुला?"

"हो. दुसऱ्या दिवशी सकाळी."

"आणि मी तिला..." एवढंच म्हणाला. मग उठून बाहेर गेला आणि जळक्या वाशांच्या ढिगाजवळ पाठमोरा बसला.

वहिनी, आता जे लिहिते ते तू ऐकायला हवंस, नाहीतर मी ते लिहिलं नसतं. आईनं ते सेल वाकड्या बोटांनी बाजूला सारले. मग म्हणाली, "चूल गार होती."

मला वाटलं, ती माझं म्हणणं तिच्या शब्दांत म्हणतेय. पण ती पुढं बोलली. "पोशी गेल्यावर मी चहा ठेवाया उठले व्हते. चुलीत हात घातला, ओली राख लागली. कंटाळा आला, परत पडले. मग धूर दिसला."

सुकरी काकूनं तोंडावर हात ठेवला. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या डब्यातून ठिणग्या पडताना मी बघितलं. आत शिरले तवा. तुझी नोकरी हाय. तुला धरून नेतील असं वाटलं मला. पोशीला काय, माहेरी जाईल, परत येईल, म्हटलं."

माझ्या मनात जे होतं, तेच तिच्या मनात होतं. आम्ही दोघींनी एकमेकींशी एक शब्द न बोलता तुला पुढं केलं. तिला तिच्या हातांनी भोगायला लागलं, मला अजून काहीच लागलेलं नाही.

आज सकाळी मी तहसीलला जाऊन लेखी जबाब दिला, की पंचनाम्यातलं कारण चुकीचं आहे आणि खरं कारण माझ्या घरगुती बॅटरीचं आहे. सेलही जमा केले. तिथल्या गौतम भाऊंनी दोनदा वाचून विचारलं, "मॅडम, नक्की द्यायचाय ना?" मी हो म्हणाले. पोच घेतली, तिची झेरॉक्स सोबत आहे. तुझ्या भावाला, भावजयीला दाखव. शाळेत मुख्याध्यापकांनाही सांगितलं. पुढं माझं काय होईल ते ठाऊक नाही, आणि त्याची काळजी तू करू नकोस.

आईनं निरोप दिलाय, तिच्याच शब्दांत लिहिते. "तिला म्हणावं, मी बोलले नाय. बोलले असते तं ती घरात असती." तिनं माफी मागितली नाही. तिला ती कशी मागायची ते ठाऊक नाही, असं मला वाटतं. पण मी तिच्यासाठी मागणार नाही.

मी निघाले तेव्हा दादा फाट्यापर्यंत सोडायला आला. लांबून जीप दिसली. मग म्हणाला, "येत्या रविवारी मी तिकडं जाऊ का? ती दार तरी उघडंल का?" मी म्हणाले, ते मला विचारू नकोस.

म्हणून तुला विचारते. येऊ नको म्हणालीस तर तो येणार नाही, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. चंदू शनिवारी संध्याकाळपर्यंत तुझ्या फाट्यावर असतो. हो किंवा नाही, एवढंच त्याला सांग. उत्तर 'नाही' असलं तर कुणीही तुला समजवायला येणार नाही. मी तर नाहीच.

खाली 'तुझी नणंद' असं लिहायला घेतलं होतं. ते नातं ठेवायचं की नाही, हे आता तुझ्या हातात आहे. म्हणून नुसतं नाव लिहिते.

योगिता