तीन तलवारींचा पत्ता

१० तारीख, सोमवार

विचारलं! चष्मेवाल्यांनी आज सरळ विचारलं!

मी गेले होते चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला. त्यांनी तो बसवता बसवता, मान वर न करता म्हटलं, "आपण दोघांनी लग्न करावं असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?" मी छप्पन्न वर्षांची, ते साठीचे. आणि मी काय बोलावं? "स्क्रू बसला का नीट?" शहाणीच मी!

त्यांच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा रिकामी झालीय. दोघं असलो तर ती घेणार, नाहीतर दुकानामागची खोली त्यांना एकट्याला पुरते. "मला घाई नाही, घरमालकाला आहे. वीस तारखेपर्यंत सांगा."

लॅबमध्ये दिवसभर कवळ्यांचं मेण कोरत होते आणि स्वतःशीच हसत होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, आज दात जरा जास्तच हसरे लावलेत तुम्ही." दोन पुन्हा लावावे लागले.

११ तारीख, मंगळवार

ताईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. "मला माहीत होतं. एका चष्म्याचा स्क्रू महिन्यात चार वेळा सैल होत नाही."

मग म्हणाली, थांब, पत्ता काढू. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून तिला हे टॅरोचं, पत्त्यांवरून भविष्य बघायचं, वेड लागलंय. पुस्तकं आणून शिकली, आता इमारतीतल्या बायका येऊन विचारतात. माझे हात प्लास्टरने भरले होते, कवळीचा एक साचा घरी आणला होता. म्हणून तिनेच पत्ते पिसले, तिनेच काढला.

लाल हृदय, त्यात आरपार तीन तलवारी, मागे काळे ढग. अगं बाई!

ताई बराच वेळ पत्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "दुःख आहे. ताटातूट आहे."

"म्हणजे त्यांना 'नाही' सांगू?"

"असं कुठे म्हटलं मी? पत्त्यात आहे ते सांगितलं." आणि सगळे पत्ते गोळा करून, "चहा टाक."

माझा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही.

१२ तारीख, बुधवार

विश्वास नाही म्हणते आणि सकाळपासून तलवारी मोजतेय. पहिली — त्यांचं ब्लडप्रेशर. दुसरी — त्यांचा मुलगा, जो मला "मॅडम" म्हणतो. तिसरी सापडेना. नाही सापडली तर चुकल्यासारखं वाटतंय, म्हणजे बघा!

१४ तारीख, शुक्रवार

दुपारच्या सुट्टीत चष्मेवाले आणि मी बागेतल्या बाकावर बसलो. पत्त्याचं सांगून टाकलं. वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. सफरचंद कापत म्हणाले, "दुःख तर येणारच. या वयात लग्न करतोय, दोघांतला एक जण आधी जाणार. त्यात पत्त्याने नवीन काय सांगितलं?" आणि मोठा तुकडा मला दिला.

जीव भांड्यात पडला. असल्या माणसाबरोबर मी मजेत राहीन. रविवारनंतर जाऊन 'हो' सांगते. दुसऱ्यांच्या तोंडात बत्तीस बत्तीस दात बसवते, माझ्या तोंडून एक शब्द निघायला चार दिवस लागले!

परत जाताना त्यांनी माझा डबा हातात घेतला. लॅबच्या दारापर्यंत. दारातल्या पोरींनी बघितलं. बघू देत.

१६ तारीख, रविवार

वरच्या मजल्यावरची टायपिस्ट आली होती, बदली होईल का विचारायला. मी आत कप धूत होते. ती म्हणाली, "तुम्हीच पिसा ना हो, मला नाही जमत." ताई म्हणाली, "छे, छे! जो पिसतो त्याचाच पत्ता निघतो. मी पिसले तर तुझं राहील बाजूला, माझंच काहीतरी बाहेर येईल."

नळ तसाच चालू राहिला. मी उभी!

त्या दिवशी ताईने पिसले होते. ताईने काढला होता. तो पत्ता माझा नव्हताच. आणि तिला ते त्याच क्षणी कळलं होतं, म्हणून तर ती एवढा वेळ बघत होती. मी मात्र पाच दिवस स्वतःच्याच नावावर तलवारी मोजत बसले. मेली मी, तिचा विचारसुद्धा मनात आला नाही. एकतीस वर्षं आम्ही दोघी या घरात आहोत. ती मोठ्याने पेपर वाचते, मी ऐकते. तिचा गुडघा दुखतो तेव्हा मला न सांगता कळतं. मी गेल्यावर ती पेपर कोणाला वाचून दाखवणार?

रडले. नळाच्या आवाजात कोणाला कळलं नाही.

१७ तारीख, सोमवार

कामात लक्ष नाही. खालच्या कवळीला वरचे दात लावले.

१८ तारीख, मंगळवार

ताई खुशीत आहे, किंवा तसं दाखवतेय. दुपारपासून गुणगुणत कपाट आवरत होती. "वीस तारीख जवळ आली गं."

"बघू."

"बघू काय बघू! चष्मा लाव म्हणजे दिसेल." आणि स्वतःच इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. संध्याकाळी तिने पेपरातलं शब्दकोडं वाचलं, मी उत्तरं दिली, एकावरून कडाकडा भांडलो, नेहमीसारखं तिचंच खरं निघालं. किती बरं वाटलं! खरंच सांगते, मी या घरात सुखी आहे. कधी नव्हते असं झालंच नाही. मग कशाला हवंय अजून? तिच्या पदरात दुःख टाकून दुकानावरच्या दोन खोल्यांत मला गोड लागणार आहे का?

'नाही' सांगायचं. ठरलं. त्यांना वाईट वाटेल, मलाही वाटेल, खूप वाटेल, पण आम्ही दोघंही धडधाकट आहोत, निभावून नेऊ. ताईला यातलं काही कळू द्यायचं नाही. तिला म्हणेन, मलाच नको वाटलं.

२० तारीख, गुरुवार

गेले. वाटेत चार वेळा पाठ करून गेले होते. दुकानात कोणी नव्हतं. म्हटलं, "माझं उत्तर नाही असं आहे." ते काच पुसत होते, पुसतच राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हटलं.

"घरमालकाला मी तेरा तारखेलाच होकार कळवला," ते म्हणाले.

"मला न विचारता?"

"बारा तारखेला सकाळी दुकान उघडायला आलो तर तुमच्या ताई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ती एक दिवस माझ्यासाठी तुम्हाला 'नाही' सांगायला येईल. ऐकू नका."