सुपं मांडून मापलेला ड्रम

साखरशेत, मंगळवार

ती. मधुदादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याला निर्गुडीचा शेक लागू पडला असेल, असं धरून चालतो. आई ठीक आहे. ठीक नसती तर पुढची हकिगत घडलीच नसती.

काल सकाळी देवपूजा आटोपून मी मधल्या घरात ड्रम मांडला. म्हणजे सुपं मांडली. तू माझ्या हर्षालीला इलेक्ट्रॉनिक ड्रम घेऊन देतो म्हणालास, तेव्हापासून पूजेत एक फूल तुझ्या नावाचं वाहतो. शेजारी गौतमचे वडील अंथरुणाला खिळल्यापासून (मध्ये एक कुडाची भिंत, तुला माहीत आहे) पोरीने ढोलकी खुंटीला टांगली, आणि जेवतानासुद्धा बोटं मांडीवर वाजवत असते. कानाला लावून वाजवायचं, बाहेर आवाज नाही, असं वाद्य निघालं ही देवाचीच कृपा. लहान घेऊ की मोठा, जागा बघून कळव, असं तू म्हणालास. म्हणून ही मांडामांड. ड्रमच्या जागी सुपं, झांजांच्या जागी पातेल्यांची झाकणं, पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या जागी टोपली. हर्षाली स्टुलावर बसली, हातात दोन लाटणी (एक गौतमच्या घरचं). तेवढ्यात आई आली. सकाळी सकाळी रिकामी सुपं मांडतात का, म्हणून तिने प्रत्येकात मूठभर तांदूळ टाकले. हर्षालीने पहिलाच हात मारला, तांदूळ खाली जमिनीवरच्या देव्हाऱ्यापर्यंत उडाले आणि मागोमाग कोंबड्या आत आल्या. त्यातली एक टोपलीत जाऊन बसली ती उठेना.

त्या गडबडीत दोन अडचणी कळल्या. मोठ्या ड्रमसाठी भाताची कणगी हलवावी लागते, आणि भरली कणगी हलवायची नसते हे तुला सांगायला नको. दुसरी आईने काढली. "पोर वर नि देव खाली? असं कुठं असतं का रे?"

हर्षाली स्टूल सारून खाली बसली, सुपं जवळ ओढली आणि कोपरं पोटाशी धरून वाजवू लागली. होतंय, म्हणाली. तेव्हा लहानच पाठव. तेवढंही आम्हांला पुष्कळ आहे.

तुझा,
नितीन

ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. "लहान कशाला? पोरीचे हात काय लहान आहेत?" मी म्हटलं, देव खाली असं तूच म्हणालीस. "मग देव वर घे ना. पोरीला खाली बस म्हटलं का मी?"

आणखी एक. पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज बुधवारी सकाळी देवांची क्षमा मागून फळी ठोकली आणि देव्हारा वर घेतला (आईने खालून धरलं होतं, मला नव्हे, स्टुलाला). कणगी जागची हलवलेली नाही. तू मोठाच पाठव. कानाला लावायचे मात्र दोन पाठव, एक आईला हवा आहे. जागेची काळजी करू नकोस. माझी खाट ओटीवर काढली.