आडनावापुढे 'ईन'

३ जानेवारी
संकल्प: यंदा मोठं काम. अठरा वर्षं मुलांना बेंझीन शिकवलं, आता बास. कॉलेजच्या मागच्या भिंतीवर एक कडू वेल आहे. शेळीसुद्धा तोंड लावत नाही. म्हणजे आत जबरदस्त रसायन असणार. मधुमेहावर चालेल, असं आतून वाटतं.

११ जानेवारी
चार किलो पानं वाळत घातली. घरात. बायको विचारते, सोफा मोकळा कधी होणार. संशोधकाची गळचेपी घरापासूनच सुरू होते.

२ फेब्रुवारी, दुपार
अर्क तयार. रंग हिरवा, वास मोज्यांचा. पिठाची साखर करणाऱ्या एन्झाइमवर टाकला. एन्झाइम चक्क मंदावलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा नाही मंदावलं. तिसऱ्यांदाही नाही. त्या दोन चाचण्या बाद धरल्या. माझं लक्ष नव्हतं.

१९ फेब्रुवारी
अर्कातून एक पदार्थ वेगळा निघाला. तेलकट, बिनरंगी, जेमतेम थेंबभर. नाव ठरवलं: आपलं आडनाव, पुढे 'ईन'. आरशासमोर म्हणून पाहिलं. भारदस्त वाटतं.
ताईला फोन केला. तिला बारा वर्षं शुगर. म्हटलं, वर्षभरात तुझ्या गोळ्या बंद. रडलीच ती.

७ मार्च
विभागप्रमुख बाईंनी विचारलं, पानं न घालता, अर्क काढायचा नुसता सॉल्व्हंट तपासलात का. म्हटलं, पानंच नसतील तर सापडणार काय. बाईंनी चष्मा काढून पुसला. पटलं बहुतेक.

२२ मार्च
भाच्याचा फोन. ताई हॉस्पिटलमध्ये. शुगर चारशे साठ. गोळ्या महिन्यापूर्वीच सोडल्या होत्या. मी वर्षभरात म्हटलं होतं. भाचा म्हणाला, मामा, तिने 'बंद' एवढंच ऐकलं. लोक नीट ऐकत नाहीत.
वॉर्डात तासभर तिच्या उशाशी बसलो. ती नर्सला सांगत होती, हा माझा धाकटा भाऊ, औषध शोधलंय याने. मी सलाइनचे थेंब मोजत होतो.

२९ मार्च
पदार्थाची रचना तपासणाऱ्या मशीनवाल्याने आलेख एका नजरेत ओळखला. म्हणाला, सर, हे महिन्यातून दोनदा येतं माझ्याकडे. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून घालतात ते. सॉल्व्हंटच्या प्लॅस्टिक कॅनमधून उतरलंय. म्हटलं, वेलीतही असू शकतं. असेलही, म्हणाला, पण कॅनमध्ये नक्की असतं.
संध्याकाळी पानांशिवाय करून पाहिलं. तोच पदार्थ. उलट जरा जास्तच.

२ एप्रिल
ताई घरी आली. तिला सगळं खरं सांगायचं, असं ठरवूनच गेलो. गोळी तिच्या हातावर ठेवली. एकदम कसं सांगायचं, म्हणून सुरुवात लांबून केली. म्हटलं, तुझी ही गोळीसुद्धा मुळात एका झुडपातल्या रसायनावरूनच सुचलेली आहे.
ती म्हणाली, म्हणजे ही तुझीच ना.
मी पाणी पुढे केलं. तिने गोळी घेतली.